जरा जोरात आपटा!

जुन्या मोटारींच्या जगात एक मंत्र आहे. तो कोणत्याही वेदात नाही, कोणत्याही मोटार कंपनीच्या पुस्तिकेत नाही, तरी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक गॅरेजवाल्याला, प्रत्येक ड्रायव्हरला आणि ज्याने जन्मात सायकलचे पंक्चरसुद्धा काढलेले नाही अशा प्रत्येक शेजाऱ्याला तो तोंडपाठ असतो. गाडीचे बॉनेट नीट मिटत नाही असे दिसले की चारी दिशांनी तो कानांवर आदळतो : "जरा जोरात आपटा!"

या मंत्राविरुद्ध माझी तक्रार आहे. तक्रार हा शब्द आमच्या बँकेत फार सौम्य मानला जातो, कारण तक्रारवही असते आणि ती कोणी उघडत नाही. तेव्हा तक्रार नको. मी सरळ युद्धच पुकारतो.

तुम्हीच पाहा. पावसाळ्यात घराचा दरवाजा फुगला तर आपण सुताराला बोलावतो. तो येत नाही, पण आपण बोलावतो. चष्म्याची काडी सैल झाली तर चष्मेवाल्याकडे जातो; नाकावर ठोसा मारून चष्मा बसवीत नाही. बायकोच्या गोदरेजच्या कपाटाचे दार कुरकुरले तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडतो. आणि पन्नास वर्षे इमानेइतबारे चाललेली मोटार, जी वयाने आपल्या मावशीच्या जागी आहे, तिचे बॉनेट जरा अडले की दोन्ही हातांनी उचलून धाडकन आपटतो! शिवाय आपटल्यावर आजूबाजूला पाहून हात झटकतो, जणू कुस्ती मारली.

आता बॉनेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. अमेरिकन माणूस त्याला हूड म्हणतो. इंग्रज माणसाला विचाराल तर हूड म्हणजे उघड्या गाडीचे घडीचे कापडी छप्पर. दोन देश एकच भाषा बोलतात आणि गाडीच्या नाकावर काय आणि डोक्यावर काय यावर त्यांचे एकमत नाही. आपण बापडे विलायती वळणाचे, म्हणून बॉनेट. अँबॅसडरसारख्या गाडीत ते पत्र्याचे एक मोठे पान असते. मागे, काचेच्या खाली, त्याला दोन बिजागऱ्या. पुढे मध्यभागी एक खुंटी, ती खालच्या लॉकमध्ये शिरते. कडेला रबराच्या गुंड्या, ज्यांच्यावर ते टेकते. झाले. यात इंजिनासारखे गूढ काही नाही, कार्ब्युरेटरसारखा लहरीपणा नाही. आमच्या बँकेतल्या वही-खात्याइतका सरळ मामला आहे.

आणि वही-खात्याचाच नियम इथे लागतो. मी कॉमर्सचा माणूस. शंभर रुपये एका खात्यातून निघाले की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ते जमा होतातच. हवेत विरत नाहीत. जोराचेही तसेच आहे. बिजागरीची खीळ तेलावाचून गंजून घट्ट झाली आहे, ती फिरायला तयार नाही. तुम्ही वरून बॉनेट दाबता. बिजागरी वळत नाही म्हटल्यावर तो जोर जाणार कुठे? तो पत्र्याच्या खात्यावर जमा होतो. बॉनेट बिजागरीच्या जरा पुढे वाकते, आणि कधीकधी तिथे आडवी घडीच पडते. मागचे दोन कोपरे मांजराच्या कानांसारखे वर उभे राहतात. मग पुढचे तोंड लॉकवर सरळ बसत नाही. मग कोणीतरी लॉक ठोकतो. मग खुंटी एका बाजूला घासू लागते. मग आणखी जोरात आपटावे लागते. दोन थेंब तेलाचे कर्ज असे व्याजासह वाढत जाते, आणि शेवटी जप्ती येते ती बिचाऱ्या पत्र्यावर.

आपटण्याच्या पंथाइतकाच घातक दुसरा पंथ आहे तो लांबीवाल्यांचा. गाडीला रंग देण्याआधी खड्डे बुजवायला जो लगदा लावतात त्याला आपल्याकडे लांबी म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले तो द्रष्टा असला पाहिजे, कारण लांबीचे काम नेहमी लांबतेच. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामध्ये डावीकडे बोटभर फट आहे आणि उजवीकडे ब्लेड शिरत नाही, तर लांबीवाला काय करतो? बिजागरीचे बोल्ट सैल करून बॉनेट केसभर सरकवावे हे त्याच्या मनात येत नाही. तो डावीकडे लांबीचा थर देतो, उजवीकडे कानस मारतो, वर रंग फासतो, आणि "बघा साहेब, एक नंबर!" म्हणून बिल हातावर ठेवतो.

आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. ताळा जमत नाही, फरक सापडत नाही, घड्याळात सात वाजले आहेत. मग तो फरक तात्पुरता सस्पेन्सला टाकायचा आणि घरी जायचे. पण निदान आमच्याकडे वर्षअखेरीस ऑडिटर येतो आणि ते भूत उकरून काढतो. लांबीचा ऑडिटर म्हणजे महाराष्ट्रातला रस्ता. चार महिने गाडी खडखडली की बॉनेटच्या कडेला प्रथम केसासारखी चीर जाते, मग त्यात पावसाचे पाणी, मग गंज, आणि एके दिवशी पेट्रोल पंपावर हवा भरताना लांबीचा तुकडा शेवेच्या लाडवासारखा गळून पडतो. फट पुन्हा होती तिथे हजर. फरक सापडल्याशिवाय ताळा जमत नाही, हे सत्य बँकेला लागू आहे आणि बॉनेटलाही.

तुम्ही म्हणाल, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? फट असली तर असली. जुनी गाडी आहे, चालायचेच.

हे "चालायचेच" कसे चालते ते मी पाहिले आहे. माझ्या सासऱ्यांकडे १९७३ सालची अँबॅसडर मार्क टू आहे. तिचे बॉनेट पुढून मिटेना म्हणून माझ्या मेहुण्याने ती एका गॅरेजमध्ये दिली. गॅरेजचे नाव सांगत नाही. अशी गॅरेजे गल्लोगल्ली आहेत, एकट्यालाच मान कशाला? तिथल्या कारागिराने लॉक ठोकून सैल केले आणि त्याच्या जोडीला असलेला सेफ्टी कॅच घासत होता म्हणून तो मागे वाकवून ठेवला. बॉनेट लोण्यासारखे मिटू लागले. सगळे खूश. पुढच्या रविवारी एका लग्नासाठी आम्ही साताऱ्याहून कऱ्हाडकडे निघालो. मेहुणा चालवत होता, शेजारी सासरे, मागे आम्ही. ताशी पन्नास-पंचावन्नचा वेग. समोरून एक ट्रक गेला, त्याचा वारा आला, आणि एकदम रस्ता, झाडे, मैलाचा दगड, सबंध सातारा जिल्हा नाहीसा झाला. समोर फक्त पांढरा पत्रा. बॉनेट उलटून काचेवर येऊन आदळले होते.

सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. ते शांतपणे म्हणाले, "अरे, मला दिसेनासं झालं की सगळ्यांनाच?" मेहुण्याने खिडकीतून मान बाहेर काढली, रस्त्याची कड नजरेत धरली आणि हळूहळू गाडी बाजूला घेतली. मागून बस येत होती. ती हॉर्न वाजवीत अंगावरून गेली. मागच्या सीटवर माझी दोन मुले होती. त्या वेळी गाडीत कोणी हसले नाही.

तेव्हा फटीचा प्रश्न हा दिसण्याचा प्रश्न आहे असे मला कोणी सांगू नये. ज्या बॉनेटच्या बिजागऱ्या मागे असतात ते पुढून उघडते, म्हणजे वाऱ्याच्या तोंडालाच उघडते. लॉकने दगा दिला तर त्याच्या आणि तुमच्या डोळ्यांच्या मध्ये उभा असतो तो एक कॅच. इंचभर उघडलेले बॉनेट तो पकडून ठेवतो. तो घासतो म्हणून वाकवणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला चोराच्या हवाली करणे. घासत असला तर त्याचा अर्थ एवढाच, की बॉनेट जागेवर नाही. तो तक्रार करतो आहे. पण तक्रारवही कोणी उघडत नाही, हे मी आधीच सांगितले.

ते बॉनेट पुढे कोणी बसवले, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर नुसत्या शिव्या देऊन मोकळा झालो असे होईल. दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. ते आले ते एक पान्ह्यांची पिशवी, तेलाची कुपी, शिसपेन्सिल आणि वायसरांचा डबा घेऊन. हातोडा आणलाच नव्हता. मेहुण्याने अदबीने घरातला पुढे केला, तर म्हणाले, "तो वहिनींना परत द्या, नारळाला लागेल."

त्यांनी पहिल्यांदा केले काय? काहीच नाही. बॉनेट हळू मिटवले आणि सगळीकडून नुसते बघितले. मग बिजागऱ्यांना तेल घातले आणि चहा मागवला. तेल मुरेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा नियम. नंतर बॉनेटचा मागचा कोपरा हाताने वरखाली हलवून पाहिला. एक बाजू लटपटत होती. "खीळ झिजली, भोक लांबोडकं झालंय," म्हणाले. "हे आधी. नाहीतर आज बसवाल ते उद्या सरकेल." भोक साफ गोल करून त्याच्या मापाची जरा जाड खीळ बसवली.

मग शिसपेन्सिलीने बिजागरीच्या पट्टीभोवती रेघ ओढली. ही रेघ म्हणजे ओपनिंग बॅलन्स. बोल्ट सैल केल्यावर आपण कुठून निघालो आणि किती सरकलो हे त्या रेघेवरून कळते. बिजागरीची भोके बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असतात ती उगाच नव्हे. बॉनेट मागेपुढे, वरखाली, डावेउजवे सरकवायची सोय कारखान्यानेच करून ठेवलेली असते. फक्त ती वापरायला पान्हा लागतो आणि आपटायला काहीच लागत नाही, म्हणून लोक आपटतात.

पुढचे पाऊल मला फार आवडले. त्यांनी पुढचे लॉक चक्क बाजूला काढून ठेवले. लॉक बसवलेले असले की ते बॉनेटला आपल्याकडे ओढते आणि सगळे खोटे दिसते. साहेब शेजारी उभे असताना शिपाई सरळ चालतो, तशातला प्रकार. लॉक काढले की बॉनेटचा खरा स्वभाव कळतो. मग क्रम मागून पुढे. आधी दरवाजा आणि मडगार्ड यांची फट बघायची. मडगार्डच सरकले असेल तर बॉनेटला कितीही शहाणपण शिकवून उपयोग नाही. मग काचेखालची कड, मग दोन्ही बाजू, आणि तोंड सर्वांत शेवटी. मधल्या फटी मोजायला त्यांनी माझ्याकडे सुटी नाणी मागितली. तीन नाणी एकावर एक धरून ती चवड फटीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. जिथे अडली तिथे खूण, जिथे लटकली तिथे खूण. एवढी वर्षे मी नाणी मोजतो आहे. नाण्यांनी मोजायचे असते हे मला त्या दिवशी कळले.

मागचा एक कोपरा अजून खाली होता. तिथे बिजागरीखाली एक पातळ वायसर सरकवला. मग रबरी गुंड्या खालीवर करून बॉनेटची उंची मडगार्डांच्या बरोबर आणली. आणि सगळ्यात शेवटी लॉक. खुंटी बरोबर भोकाच्या मध्यावर येते की नाही हे पाहायला त्यांनी स्वयंपाकघरातून कणकेची गोळी आणवली, खुंटीच्या टोकाला लावली आणि बॉनेट अलगद टेकवले. कणीक लॉकच्या डाव्या कडेला चिकटली. लॉक तेवढेच डावीकडे घेतले. पुन्हा गोळी, पुन्हा टेकवणे. तिसऱ्या खेपेला कणीक कडेला न लागता आत गेली. मग वाकवलेला कॅच सरळ करून जागेवर आणला, लॉक सोडून इंचभर उघडलेले बॉनेट धरतो की नाही ते दहादा ओढून पाहिले, आणि मगच हात धुतले. दुपार गेली. खर्च झाला तो वायसर, एक खीळ, थोडे तेल आणि एका पोळीची कणीक.

आता मला सांगा, यात न जमण्यासारखे काय आहे? यंत्रे नाहीत, परदेशी सुटे भाग नाहीत. लागतो तो क्रम आणि सबुरी. आणि नेमक्या याच दोन वस्तू आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

माझा तिसरा वार आहे तो हौशी मालकांवर. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. उत्तम गोष्ट आहे. पण मूळ रूप या शब्दांचा अर्थ आमचे हौशी लोक दिव्यांच्या क्रोमपुरता घेतात. रॅलीला जाऊन पाहा. मालक फेट्यात, मालकीणबाई पैठणीत, बंपरमध्ये तोंड पाहून भांग पाडावा अशी चकाकी. आणि बॉनेट? डावीकडून हसते, उजवीकडून रडते. एका गाडीचे बॉनेट तर सुतळीने बांधलेले मी पाहिले. विचारले तर मालक अभिमानाने म्हणाले, "वडिलांच्या वेळेपासूनची आहे!" सुतळी म्हणायची होती की गाडी, ते मी विचारले नाही. मूळ रूपात होती खरी.

त्याहून जुन्या, १९२०-३० च्या काळातल्या गाड्यांची तर वेगळीच विटंबना. त्यांचे बॉनेट फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंनी उघडते आणि मधोमध बाजाच्या पेटीच्या झाकणाला असते तशी लांबच लांब बिजागरी. हे बॉनेट पुढे रेडिएटरवर आणि मागे काचेपुढच्या पत्र्यावर टेकते. पत्रा पत्र्याला घासू नये म्हणून मध्ये सुती पट्टी लावलेली असते. हौशी माणूस ती मळकी दिसते म्हणून उपटून टाकतो आणि मग बॉनेट किरकिर करते म्हणून देशभर स्प्रे शोधत फिरतो. फोर्डच्या मॉडेल टी सारख्या गाडीत रेडिएटरपासून मागच्या भिंतीपर्यंत एक आधाराची सळई असते. ती थोडी सैल-घट्ट केली की रेडिएटर मागेपुढे कलतो आणि त्याबरोबर बॉनेटची फट बदलते. म्हणजे दुखणे बॉनेटचे आणि औषध रेडिएटरच्या सळईला! पण हे वाचायला वेळ कोणाला आहे? त्यापेक्षा कानस मारणे सोपे. शंभर वर्षे टिकलेला पत्रा एका दुपारी कापून मोकळे.

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. ते म्हणतात, या गाड्या कारखान्यातून आल्या तेव्हा तरी कुठे फटी सारख्या होत्या? खरे आहे. अँबॅसडर काही घड्याळाच्या कारखान्यात बनत नव्हती. पण जन्मतः थोडे तिरळे असणे वेगळे आणि भिंतीवर डोके आपटून तिरळे होणे वेगळे. नवी असताना गाडी जेवढी बरोबर होती तेवढी तरी ती ठेवा, एवढेच माझे म्हणणे आहे. काचेसारख्या परदेशी गाड्यांशी तिची तुलना मी करीत नाही. तिला तिच्याच पासबुकातली शिल्लक परत द्या.

आणि हे घाईने म्हणण्याचे कारण आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादा संपून कायमची थांबली. अँबॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ सालीच बंद पडला. गाड्या गेल्या त्याचे दुःख वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून केले. पण त्या गाड्यांमागे रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, पाठीवर पडून काम करणारी जी माणसे होती, ज्यांच्या बोटांना फटीचे माप डोळे मिटून कळत होते, त्यांच्यासाठी एक ओळ कोणी लिहिली नाही. त्यांच्या हाताखाली आता कोणी नाही. आमच्या फिटरांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याला बिजागरी नसते, आणि असली तर तो पूर्ण भागच बदलतो. उद्या गाडी राहील, नंबरप्लेट राहील, फेटा राहील, आणि बॉनेट बसवणारा मात्र कोणी राहणार नाही. मग आपटण्यावाचून खरोखरच दुसरा उपाय उरणार नाही.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझे हात जोडून, आणि जमल्यास त्याचे हात धरून, सांगणे आहे. असा एखादा म्हातारा फिटर तुमच्या गावात असेल तर आजच त्याला चहाला बोलवा, आणि तो काम करील तेव्हा मोबाइल खिशात ठेवून शेजारी उभे राहा. बॉनेट वीतभर उंचीपर्यंत हाताने खाली आणा, सोडा, आणि लॉकवर तळहाताचा दाब द्या. 'खट्' असा आवाज आला तर बॉनेट बसले. 'धाड' असा आला तर बॉनेट आणि तुम्ही, दोघांपैकी एकाचे तरी काहीतरी निसटलेले आहे. आणि बॉनेटचे काय निसटले ते पेन्सिलीच्या रेघेवरून कळते.